पावती नसलेली सीडी

माझी पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. संध्याकाळी पाचच्या बॅचसमोर.

पिशवीतून पडलं ते असं. डब्याचं फडकं. कंगवा. पुठ्ठा फाटलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश. एक वही. आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक सीडी. कागद सुटला आणि सीडी टेबलावर चकाकली.

"ही कुठली?" मोठे सर म्हणाले.

"माझी आहे सर."

"पावती दाखव."

पावती नव्हती.

समोर चौदा मुलं-मुली. मी त्यांना शिकवत होतो. बोर्डावर माझ्याच अक्षरात अर्धा प्रोग्रॅम लिहिलेला होता. मुलं मला सर म्हणत. संस्थेच्या मालकांना मोठे सर.

त्यानंतर मी जे केलं ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. मी पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. शर्टाचा खिसा उलटा केला. भिंतीला पाठ लावली आणि खाली उकिडवा बसलो. दोन्ही हात डोक्यावर.

खोलीत फक्त एसीची घरघर. मग मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

मोठे सरही क्षणभर गडबडले. त्यांनी नुसती पावती मागितली होती. झडती मी आपणहून दिली.

"बघा," ते मुलांना म्हणाले. "मी एक शब्द तरी बोललो का? चोराच्या मनात चांदणं."

मला उठायचं होतं. पाय उठत नव्हते.

हे धुळ्यात घडलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. कापडाच्या दुकानावरच्या माडीवर ती संगणक शिकवणारी संस्था होती. चपला बाहेर काढून, पडदा सारून, थंड खोलीत शिरायचं. देवळात शिरावं तसं.

मी पारधी. आमची वस्ती पारोळा तालुक्यातल्या एका गावाच्या बाहेर आहे. इंग्रजांनी कायदा करून आम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. कायदा गेला. नजर राहिली. तालुक्यात कुठेही काही चोरीला जावो, विहिरीवरची मोटर असो की देवळातली घंटा, पोलिसांची जीप आधी आमच्याकडे यायची. जीप थांबायच्या आत वस्तीतले पुरुष ओळीने उकिडवे बसलेले असत. खिसे उलटे. हात डोक्यावर. हे कुणी शिकवत नव्हतं. मी चालायला शिकलो तसाच हे बसायलाही शिकलो.

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन नियम होते.

पहिला, पावती नसलेली वस्तू घरात आणायची नाही. त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात सायकलची पावती, पितळी हंड्याची पावती, शेळीची बाजारपावती, माझ्या चपलांची पावती. आबांना वाचता येत नव्हतं. पण कुठली पावती कुठल्या वस्तूची, ते त्यांना कागदाच्या रंगावरून कळायचं. एकदा मामांनी मला आपल्या मनगटावरचं जुनं घड्याळ दिलं. शाळेत वेळेवर जावं म्हणून. आबांनी पावती विचारली. नव्हती. त्यांनी ते घड्याळ विहिरीत टाकलं. मी दिवसभर जेवलो नाही. चार दिवसांनी जीप आली. पत्रे उचकटले, गोधड्या झटकल्या, चुलीतली राख उकरली. जीप गेल्यावर आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसरा नियम, आधी कबूल करायचं. मग मार कमी पडतो.

या दोन नियमांवर मी वाढलो. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी मला धरून ठेवलं, म्हणून दहावी झालो. जळगावला कॉलेज केलं. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालो. वस्तीतला पहिला. मोठ्या सरांनी मला नोकरी दिली. संगणकाला माझा पहिला हात त्यांच्याच खोलीत लागला. तो उपकार मी नाकारत नाही. आजही नाही. पाहुणे आले की ते मला पुढे करत. "हा आमचा पारधी. बघा, सी लँग्वेज शिकवतो!" पाहुणे माझ्याकडे सर्कशीतल्या जनावराकडे बघावं तसे बघत. मी हसायचो. मला वाटायचं, हे कौतुक आहे.

संध्याकाळी निघताना माझी पिशवी तपासली जायची. फक्त माझी. "नियम आहे रे. मनावर घेऊ नको." मी घेत नव्हतो. पुढेपुढे तर त्यांनी मागायच्या आत मीच पिशवी उघडून धरायचो. सगळ्यात जास्त लाज मला आज कशाची वाटत असेल, तर ह्याची.

आता ती सीडी.

जळगावच्या कॉलेजात मला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या होत्या. तिथून त्यांनी ती आणली. मी भेटायला गेलो तेव्हा माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "लिनक्स आहे यात. संगणक चालवणारी पूर्ण यंत्रणा. आणि ती ज्यांनी लिहिली त्यांचं आतलं सगळं लिखाणसुद्धा, सोर्स कोड. लाव, मोडून बघ. कॉपी कर आणि वाट."

मी म्हणालो, "मॅडम, पकडतील."

"कोण पकडेल?"

"कुणीही."

त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "आत परवान्याची फाइल आहे," त्या म्हणाल्या. "आधी ती वाच. मग घाबर."

धुळ्याला येईपर्यंत बसमध्ये ती सीडी मी शर्टाच्या आत पोटाला धरली होती. नाक्यावर पोलीस दिसला की मी खिडकीकडे तोंड फिरवायचो. मी काहीही केलं नव्हतं.

संस्थेत कोपऱ्यात एक जुना संगणक पडून होता. मोठ्या सरांच्या लेखी तो टाकून दिल्यात जमा होता. म्हणाले, "कर काय करायचं ते." दुपारी सगळे जेवायला गेले की मी त्यावर बसायचो. संध्याकाळच्या तपासणीआधी सीडी पुन्हा शर्टाच्या आत जायची. परवान्याची फाइल इंग्रजीत, वकिली भाषेत. शब्दकोश घेऊन एकेक ओळ सोडवायची आणि मराठीत वहीत उतरवायची. दोन आठवडे लागले. त्याचा अर्थ साधा निघाला. हा प्रोग्रॅम वापरा. आत काय लिहिलंय ते वाचा. हवं तर बदला. नक्कल करा, दुसऱ्याला द्या.

माझा विश्वास बसेना. आम्ही पारधी. तितर धरायला दाणे टाकतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. दाणे दिसत होते. फासा कुठे आहे?

मी फासा शोधत पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक अट होती. ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्या. त्याच्यापासून आतलं लपवू नका. बस. मी पेन खाली ठेवलं. ही अट देणाऱ्यालाही होती, घेणाऱ्यालाही. फासा असा नसतो. फासा एकाच बाजूने आवळतो.

मग मी आतलं वाचायला लागलो. फाइलमधले शब्द मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. तोवर बाहेरून आलेला तयार प्रोग्रॅम म्हणजे माझ्या लेखी बंद डबा. बटण दाबा, उत्तर घ्या. आतलं साहेब लोकांचं. इथे ते सगळं उघडं होतं. लिहिणाऱ्याने मध्येच टीप टाकली होती, हे असं का चालतं ते मलाही नीट कळलेलं नाही, या अर्थाची. मी ती तीनदा वाचली. एवढा मोठा माणूस, आणि आपलं अज्ञान सगळ्या जगासमोर लिहून ठेवतो. त्याला मार पडत नाही?

मला शिकवायचं वेड लागलं. बॅचमधली दोन मुलं दुपारी थांबायला लागली. शबाना, तिचे वडील धुळ्यातच शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. आणि धनराज, नरडाण्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो पहिल्या दिवशी संगणकाच्या पडद्याला नाक लावून बघत बसला. बोलायचा अहिराणी, सगळ्याला बठ्ठं म्हणायचा.

"सर, हाई बठ्ठं उघडंच शे का? कुलूप नही का काहीच?"

"नाही."

"म्हणजे आमना इंजिनसारखं. झाकण काढा, हात घाला."

"हात काळे झाले तर चालतील का सर?" शबाना म्हणाली. "अब्बांचे नेहमीच असतात."

आम्ही हसलो. त्या खोलीत मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो असेन. शबानाने त्या शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळ बदलली आणि तो शेवटी 'टोटल'ऐवजी मराठी शब्द रोमन अक्षरांत दाखवायला लागला, "एकूण". एवढंच. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. म्हणाली, "हे मी केलं?" मी म्हणालो, "तूच केलंस." मी दोघांना एकेका फ्लॉपीवर ते लिखाण, ती परवान्याची फाइल आणि माझं मराठी भाषांतर कॉपी करून दिलं. देताना मी दाराकडे बघत होतो. पण दिलं.

घोटाळा धनराजने केला. त्याच्या मनात काही नव्हतं. मोठे सर दुकानदारांना हिशेबाचं एक पॅकेज विकायचे. ते स्वतः लिहिलं असं सांगायचे. धनराज सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "मोठे सर, तुमच्या पॅकेजचं आतलं लिखाण दाखवा ना. आम्हाला शिकायचं आहे."

"कुणी सांगितलं तुला आतलं मागायला?"

"सरांनी. ते सगळं उघडून दाखवतात. फ्लॉपीवरसुद्धा देतात."

पाच मिनिटांनी माझी पिशवी टेबलावर होती.

बॅच सोडून दिली. मला केबिनमध्ये बोलावलं.

"माझं सॉफ्टवेअर बाहेर वाटतोस?"

"नाही सर. हे तुमचं नाही. हे खुलं आहे. सगळ्यांसाठी."

"खुलं? जगात फुकट कोण देतं? तुझ्या वस्तीत देत असतील. रात्री आणून सकाळी वाटत असतील."

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो.

"मी तुला इथे आणलं. लोक म्हणाले, पारध्याच्या हाती किल्ल्या देऊ नका. मी ऐकलं नाही. हे फळ?" त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे. नाहीतर ठाण्यात फोन करतो."

ठाणं हा शब्द कानावर पडला आणि माझं शिक्षण गळून पडलं. दहावी, बीएस्सी, सी लँग्वेज, काही राहिलं नाही. राहिला दुसरा नियम.

मी लिहिलं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. मी संस्थेचं सॉफ्टवेअर चोरलं आणि विद्यार्थ्यांना दिलं. खाली सही. आश्रमशाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. त्याच अक्षरात, समास सोडून.

कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. आवाज लगेच मऊ झाला. "नोकरी घालवत नाही मी तुझी. उद्या पाचला बॅचसमोर हेच तोंडाने सांग. दोघांच्या फ्लॉप्या परत घे. ती सीडी माझ्यासमोर मोड. संपलं. हा कागद राहील माझ्याकडे, तुझ्याच भल्यासाठी."

मी त्यांचे आभार मानले. हो. आभार मानले.

सकाळच्या पहिल्या गाडीने मी वस्तीवर गेलो. आबा अंगणात खाट विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. आमची घरची बोली वेगळी आहे, इथे मराठीत लिहितो.

"कबूल केलंस ते बरं केलंस," आबा म्हणाले.

"पण आबा, मी चोरलं नाही."

"मी कधी चोरलं?" ते सुंभ ओढत राहिले. "त्या वस्तूचा मालक कोण?"

"लिहिणारे खूप जण आहेत. देशोदेशीचे. त्यांनी ती सगळ्यांना दिलीय."

"तोंडाने?"

"लिहून."

आबांचा हात थांबला. "कुणाच्या नावाने लिहून दिलंय?"

"नाव नाही घातलं. ज्याच्या हातात जाईल तो."

"म्हणजे आपणसुद्धा?"

"हो."

"आपण कोण, ते त्यांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलंच नाही, आबा."

आबांनी सुंभ खाली ठेवला. त्यांच्या जन्मात त्यांना कुणी काही देताना, ते कोण हे विचारल्याशिवाय दिलं नव्हतं. रेशन नाही, काम नाही, बसायला जागा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आनंद नव्हता. भीती होती. माझ्यापेक्षा जास्त.

"जा," ते म्हणाले. "त्या सरांच्या पाया पड. मोडून टाक ती वस्तू. जीव राहिला तर सगळं मिळतं."

परतीच्या बसमध्ये मला घाम फुटला होता. आबांनी आयुष्यभर कागद जपले. एकेक वस्तू आपली आहे हे सिद्ध करायला. आणि मी, त्यांचा शिकलेला मुलगा, आपलं नसलेलं पाप आपलं आहे असा कागद लिहून देऊन आलो होतो. आबांना वाचता येत नाही, म्हणून ते दुसऱ्याने दिलेल्या कागदाला घाबरतात. मला वाचता येतं. मी तो परवाना ओळ न् ओळ वाचला होता. मग मी कशाला घाबरलो? फासा सीडीत नव्हता. तो माझ्या हाताला होता. लहानपणापासून.

हे कळलं म्हणून भीती कमी झाली असं नाही. जिना चढताना मी दोनदा थांबलो.

पाच वाजता बॅच भरली. कालच्यापेक्षा जास्त मुलं. बातमी गेली होती. मोठे सर दाराशी उभे, हाताची घडी. टेबलावर सीडी.

"बोल," ते म्हणाले.

खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी म्हणालो:

"ही सीडी माझी आहे. नक्कल करायची परवानगी आतच लिहिलेली आहे. मी काहीही चोरलेलं नाही. काल मी घाबरलो आणि खोटं लिहून दिलं."

आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. या वेळी खालच्या दुकानातही गेलं असेल. मग वही उघडली आणि परवान्याचं मराठी वाचायला लागलो. ओळ सापडेना. मी बोट ठेवून वाचलं. पहिलीतल्या मुलासारखं.

"फोन लावतो मी," मोठे सर म्हणाले. केबिनमध्ये गेले. काचेतून सगळं दिसत होतं. त्यांनी रिसीव्हर उचलला.

मी म्हणालो, "लावा सर."

मला वाटलं, आता माझी लघवी सुटणार.

त्यांनी दोन आकडे दाबले. मग बोट थांबलं. त्यांनी काचेतून खोलीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. संगणकांकडे. एकेका यंत्राकडे. आणि मला समजलं. त्या खोलीतल्या एकाही संगणकावरचं काहीही त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. सगळं कुठून कुठून आणलेलं, नक्कल केलेलं, आणि त्याची परवानगी कुठेच लिहिलेली नव्हती. पोलीस आले तर ते काय काय विचारतील, याचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्या माणसालाही भीती वाटते, हे मी पहिल्यांदा बघितलं. फरक एवढाच, त्यांच्या भीतीला फोन खाली ठेवता येतो.

त्यांनी ठेवला. बाहेर आले. "फ्लॉप्या टेबलावर ठेवा," मुलांना म्हणाले. "आणि तू नीघ. धुळ्यात तुला कसं काम मिळतं बघतो मी."

धनराज उठला. त्याने फ्लॉपी खिशातून काढली, टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

"तुझी?" मोठे सर शबानाला म्हणाले.

"घरी राहिली."

तिच्या दप्तराच्या कप्प्यातून फ्लॉपीचा काळा कोपरा दिसत होता. तो मला दिसला तसा मोठ्या सरांनाही दिसला असावा. त्यांनी नजर वळवली.

मी सीडी उचलली, वही उचलली. धनराजने ठेवलेली फ्लॉपीही उचलली आणि त्याच्यासमोर पुन्हा ठेवली. "दिलेली आहे," मी म्हणालो. "परत घेत नाही." त्याने ती घेतली की नाही, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पळालो असतो.

तो कागद त्यांच्याकडेच राहिला. मी चोर आहे असं माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेला. धुळ्यात मला दोन वर्षं कुणी काम दिलं नाही. संगणकाचं दुकान दिसलं की माझे पाय आपोआप रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जायचे. जीपचा आवाज आला की आजही माझे गुडघे वाकायला लागतात. हे जात नाही. शिकून जात नाही, पगाराने जात नाही. जाईल असं मी कुणाला सांगणार नाही.

पण मी ठरवलं आहे. जो मागेल त्याला नक्कल देईन, दिवसाढवळ्या, चारचौघांत. प्रत्येक प्रतीवर माझं नाव लिहीन, गाव लिहीन, जात लिहीन. आतलं कसं चालतं ते विचारणाऱ्याला दाखवीन, आणि विचारायला घाबरणाऱ्याला आधी दाखवीन. वस्तीतल्या पोरांना बोट धरून ओळ न् ओळ वाचायला लावीन. पोलीस आले तर त्यांनाही एक प्रत देईन. न केलेल्या गोष्टीची कबुली या हाताने पुन्हा लिहिणार नाही, मग त्या हाताचं काहीही होवो.

मी भितो. भीत भीतच वाटणार. पण वाटणार.